बॉर्डरच्या ओळींतला हुरडा

1980 च्या आगेमागे एम.एस्सी. (कृषी) आणि पीएच.डी. करणाऱ्या आमच्या पिढीचा निम्मा वेळ वाट पाहण्यात जायचा. वाफशाची वाट, उगवणीची वाट, ओव्हनमध्ये मातीचे नमुने वाळायची वाट, पोस्टमनची वाट आणि शेवटी टायपिस्टची वाट. आजच्या मुलामुलींची यातली बरीचशी वाट सरली आहे. संदर्भ फोनवर मिळतात, आकडेमोड संगणक करतो, प्रबंध स्वतःच टाइप करता येतो. वाट पाहायची उरली ती पिकाची. रब्बी ज्वारी तेव्हाही सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि फेब्रुवारीच्या सुमारास काढायची, आजही तसंच आहे. तेवढ्या एका बाबतीत दोन्ही पिढ्या अजून शेजारी उभ्या आहेत, म्हणून बाकीच्या बदलांचा हिशेब मांडावासा वाटतो.

हा हिशेब मांडताना स्वतःच्या आठवणींवर संशय ठेवायला हवा. साठी उलटली की कष्टही गोड वाटू लागतात. तेव्हाचं संशोधन अनेक अंगांनी आजच्यापेक्षा उणं होतं, हे आधीच सांगून टाकतो. तरीही त्यातलं काही गेल्याचं दुःख होतं, आणि ते दुःख मला खरं वाटतं.

राहुरीचं कृषी विद्यापीठ 1968 चं. पाठोपाठ 1969 मध्ये अकोला आणि 1972 मध्ये परभणी व दापोली. पुण्याचं कृषी महाविद्यालय मात्र 1907 पासूनचं. त्यामुळे आम्ही राहुरीला आलो तेव्हा विद्यापीठ तरुण होतं आणि शिकवणारे बरेच जण पुण्याच्या जुन्या शिस्तीत वाढलेले होते. नगर-मनमाड रस्त्यावर एस.टी.तून उतरायचं, ट्रंक खांद्यावर घ्यायची आणि होस्टेल गाठायचं.

पहिला टप्पा सिनॉप्सिसचा. विषय ठरवायचा तर आधी कुणी काय केलंय ते शोधायला हवं, आणि ते शोधायचं ठिकाण म्हणजे ग्रंथालयातले ‘फील्ड क्रॉप ॲब्स्ट्रॅक्ट्स’चे जाडजूड खंड. सारांश वाचायचा, पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर उतरवून घ्यायचा, कार्डं विषयवार लावून बुटांच्या खोक्यात ठेवायची. मूळ लेख हवा असेल तर थेट लेखकाला पत्र. विभागात त्यासाठी छापील कार्डं असत. लेखाचं नाव, नियतकालिक, वर्ष एवढं भरायचं आणि टपालात टाकायचं. मग महिना-दोन महिन्यांनी हॉलंडहून किंवा ऑस्ट्रेलियाहून एक लांबट पाकीट यायचं, आत त्या लेखाची रिप्रिंट आणि कधी कोपऱ्यात शाईने लिहिलेली शुभेच्छा. आपल्या ज्वारीच्या प्रश्नावर जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाने पाकिटावर आपलं नाव हाताने लिहिलं, याचं अप्रूप फार होतं. ते पाकीट खोलीखोलीतून फिरायचं. तिकीट कुणाला द्यायचं हेही ठरलेलं असायचं.

आज तोच लेख क्षणात उघडतो, आणि तो उघडावा हेच बरं. आमच्या अनेक पत्रांना उत्तरच येत नसे. ज्याच्याकडे हैदराबादजवळ पाटणचेरूला जाऊन इक्रिसॅटच्या ग्रंथालयात बसण्याइतके पैसे असत, त्याचं ‘संदर्भ साहित्य’ प्रकरण भक्कम होई; बाकीचे आदल्या बॅचच्या प्रबंधातून संदर्भ उचलत, आणि त्यातल्या चुकाही तशाच पुढे जात. एका विद्यापीठात झालेला प्रयोग दुसरीकडचा विद्यार्थी नकळत पुन्हा करत बसे, कारण पहिला प्रबंध काळ्या बांधणीत, सोनेरी अक्षरांत, एका कपाटात बंद असे. आता कृषिकोशावर आणि शोधगंगेवर ते प्रबंध कुणालाही पाहता येतात. उचलेगिरी तपासणारी प्रणाली आली, तीही गरजेचीच होती. तरी त्या पाकिटाची जागा दुसऱ्या कशाने भरून निघाली नाही. आजच्या विद्यार्थ्याकडे शेकडो लेख असतात. त्यातल्या एकाही लेखकाशी त्याची ओळख होत नाही.

आकडेमोडीचं तसंच. आमचा आधार होता पानसे आणि सुखात्मे यांचं 1954 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक. आम्ही त्याला फक्त ‘पानसे-सुखात्मे’ म्हणायचो. (त्यातले सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, याचा आमच्यातल्या साताऱ्याच्या मुलांना केवढा अभिमान!) रात्री जेवणानंतर दोघांनी बसायचं. एकाने आकडे वाचायचे, दुसऱ्याने कॅल्क्युलेटरवर घ्यायचे, मग भूमिका बदलून सगळं पुन्हा. ट्रीटमेंट, रेप्लिकेशन, वर्गांची बेरीज, एररची बेरीज. शेवटी पुस्तकाच्या मागच्या तक्त्यात एफची किंमत बघायची वेळ आली की शेजारच्या खोलीतलेही उठून येत. फरक सिग्निफिकंट निघाला तर चहा, नाही निघाला तरी चहा. दोन हंगामांची मेहनत एका ओळीवर येऊन थांबायची आणि ती ओळ चार जण मिळून वाचायचे.

आज ‘आर’ किंवा हिसारच्या विद्यापीठाचं ‘ऑपस्टॅट’ हे काम डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच करतं, आणि आमच्यापेक्षा बिनचूक करतं. अनेक ठिकाणचे, अनेक वर्षांचे प्रयोग एकत्र तोलून कुठला वाण कुठे टिकतो हे आज पदवीचा विद्यार्थी दाखवू शकतो. आमच्या गाइडना ते स्वप्न होतं. पण हाताने बेरजा करताना एखादा आकडा वेगळा दिसला की लगेच आठवायचं: हा तिसऱ्या रेप्लिकेशनचा बांधाकडचा प्लॉट, इथे पाणी साचलं होतं. आकड्याला जागा असायची. एक्सेलच्या रकान्यात ती जागा पुसली जाते. प्लॉट पाहिलेला असेल तरच ती परत दिसते.

आणि प्लॉट पाहणं, हीच खरी हरवलेली गोष्ट.

गाइड पहाटे प्लॉटवर येत. सायकल बांधाला लावून आधी एक शब्दही न बोलता ओळीओळीतून फिरत. आम्ही मागे वही घेऊन. पानाची लांबी गुणिले रुंदी गुणिले 0.747 असं करून ज्वारीच्या पानाचं क्षेत्रफळ काढायचं. ऑगर जमिनीत पिरगाळून पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या थरांतली माती डब्यांत भरायची, ओली तोलायची, 105 अंशांवर वाळवून पुन्हा तोलायची. रब्बी ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर जगते, म्हणून ते डबे म्हणजे आमच्या प्रयोगाचा प्राण होते. वीज गेली की ओव्हन थांबायचा आणि सगळं वेळापत्रक कोलमडायचं. आज जमिनीत रोवलेला सेन्सर ओल मोजतो, पानाचं क्षेत्रफळ यंत्र देतं, ड्रोन वरून पिकाचा रंग टिपतो. यातलं काहीही काढून घ्यावं असं मला वाटत नाही. ऑगर पिरगाळून हाताला आलेले फोड कुणाच्याही शिक्षणाला आवश्यक नसतात.

पण त्या कष्टांच्या निमित्ताने आम्ही तासन् तास प्लॉटमध्ये असायचो, आणि प्लॉटमध्ये एकटे कधीच नसायचो. खुरपणीला आणि राखणीला येणाऱ्या बाया आसपासच्या गावांतल्या. कोणत्या प्लॉटला कोणती खतमात्रा आहे हे आम्ही नकाशात बघायचो, त्यांना पाठ असायचं. कणीस भरायच्या वेळेला ओल संपली की खडखड्या येतो. ताटं बुडातून पोकळ होऊन लोळायला लागण्याआधीच त्यांच्यातली एखादी ताटाला हात लावून सांगायची, “साहेब, ह्या वळीचं काही खरं न्हाई.” आमच्या निरीक्षण-वहीत रोगाची नोंद त्यानंतर आठवड्याने व्हायची. संकर करायचा असेल तर संध्याकाळी चिमट्याने फुलांतले परागकोश काढायचे, कणसाला बटर पेपरची पिशवी बांधायची, आणि सकाळी लवकर जाऊन पराग टाकायचा. त्या पिशव्या बांधायला त्यांच्याइतका हलका हात आमच्यातल्या कुणाचाच नव्हता.

जानेवारीत हुरड्याचा दिवस यायचा. प्रयोगाच्या प्रत्येक प्लॉटला कडेने बॉर्डरच्या ओळी असतात. शेजारच्या ट्रीटमेंटचा परिणाम आतल्या पिकावर येऊ नये म्हणून त्या ठेवायच्या. उत्पन्न मोजताना त्या सोडून फक्त नेट प्लॉट धरायचा. म्हणजे बॉर्डरची कणसं विज्ञानाच्या हिशेबात नसतात. गाइड परवानगी द्यायचे, बांधावर आगटी पेटायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात मोहोळच्या मालदांडीतून निवडलेल्या एम 35-1 ची कणसं भाजली जायची. बाया तळहातावर मळून दाणे पुढे करायच्या. तिळाची चटणी, गूळ, ताक. त्या दिवशी विभागप्रमुख, शिपाई, मजूर, आम्ही सगळे एकाच गोलात बसायचो. गाइड बोलायचे ते त्या दिवशीच: त्यांचे गुरू, 1972 चा दुष्काळ, फसलेले प्रयोग. वर्गात कधीही न सांगितलेल्या फसलेल्या प्रयोगांची माहिती आम्हाला आगटीभोवती मिळाली. संशोधक होणं म्हणजे काय, हे मी तिथे शिकलो.

आज हुरडा पूर्वीपेक्षा जास्त मिळतो. पुण्या-नगरकडे कृषी पर्यटन केंद्रांवर पैसे भरून हुरडा पार्टी करता येते. फुले उत्तरा आणि फुले मधुर हे खास हुरड्याचे वाण राहुरीनेच दिले. धान्यासाठी हलक्या जमिनीला फुले अनुराधा, भारी जमिनीला फुले वसुधा, असे वाण निवडता येतात; आमच्या वेळी सगळीकडे मालदांडीच. म्हणजे आम्ही ज्यासाठी राबत होतो ते बऱ्याच अंशी साधलं आहे. पण आजच्या विद्यार्थ्याला प्लॉटवर बसायला सवड नाही. सत्र परीक्षा, नेटची तयारी, शोधनिबंध छापून आणायची सक्ती, आणि बहुतेकांच्या टेबलावर बाजूला एमपीएससीची पुस्तकं. त्यात त्यांचा दोष नाही. पीएच.डी. होऊनही जागा निघत नाहीत, हे त्यांना दिसतंय. आम्हाला पदवी हातात येण्याआधी नोकरी दिसत होती, म्हणून आगटीभोवती बसायला मन मोकळं होतं. निवांतपणाचं श्रेय आमच्या गुणांना देता येणार नाही.

आणि त्या गोलात कोण नव्हतं, हेही विसरून चालणार नाही. आमच्या बॅचमध्ये मुली अगदी थोड्या. पहाटे प्लॉटवर जायचं, अंधारात परतायचं, तर त्यांना परवानग्यांचे अडसर. आज प्रयोगशाळेत आणि शेतात मुली मोठ्या संख्येने दिसतात, पाठ्यवृत्तींमुळे पूर्वी इथवर न पोचलेल्या घरांतली मुलं-मुली पोचतात. तेव्हा गाइडचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. चांगला गाइड मिळाला तर आयुष्य घडायचं. वाईट मिळाला तर प्रबंध वर्षानुवर्षं टेबलावर पडायचा आणि दाद मागायला जागा नसायची. मला चांगले गुरू मिळाले, म्हणून मी हे लिहितोय. ज्यांना मिळाले नाहीत त्यांचं स्मरणरंजन वेगळं असेल.

विस्तार शिक्षणाचे आमचे मित्र तर गावोगाव फिरायचे. हातात मुलाखत-अनुसूचीचा गठ्ठा, सायक्लोस्टाइल केलेला, शाई हाताला लागणारा. पाथर्डी किंवा पारनेर तालुक्यातल्या गावात सकाळच्या एस.टी.ने जायचं, शेतकरी रानात असला तर संध्याकाळपर्यंत पारावर थांबायचं, शेवटची गाडी चुकली तर त्याच्याच घरी मुक्काम. प्रश्न छापील असायचे, खरी उत्तरं जेवताना मिळायची. शिफारशीप्रमाणे खत का नाही टाकलं, हे कागदावर एक आणि भाकरी मोडताना दुसरंच. आज फोनवर फॉर्म भरून घेता येतो, उत्तरं आपोआप तक्त्यात जातात आणि मुक्कामाची गरज पडत नाही. उत्तरं वेगाने येतात. भाकरीबरोबरची उत्तरं त्यात नसतात, असं माझं मत होतं.

ते मत अलीकडे थोडं हललं. ओळखीच्या एका विद्यार्थिनीने रब्बी कांद्याच्या शिफारशींचा अवलंब हा विषय घेतला होता. प्रबंध इंग्रजीत झाला, तसा आमचाही व्हायचा, आणि ज्यांच्यावर तो लिहिला त्यांना तो कधी दिसायचा नाही. तिने मात्र निष्कर्षांची दोन पानं मराठीत लिहून त्या सगळ्या शेतकऱ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवली. उत्तरादाखल बोलून पाठवलेले निरोप आले, काही लांबलचक, मागे मोटारीचा आणि गुरांचा आवाज. बऱ्याच जणांनी तिचा एक निष्कर्ष खोडला. पाण्याची पाळी वेळेवर न देण्याचं कारण तिने जाणीव कमी असणं असं धरलं होतं. त्यांचं म्हणणं, वीज रात्रीची येते, थंडीत आणि बिबट्याच्या भीतीने दारं धरायला कोण जाणार? तिने ते निरोप उतरवून घेतले आणि पुढच्या लेखात ते कारण वर आणलं. आमच्या काळातल्या प्रबंधांत ‘अडचणी’ या तक्त्यात पहिल्या क्रमांकावर बहुतेक वेळा ‘माहितीचा अभाव’ असंच छापलेलं आहे.