तोळ्यामागे अकरा किलो

गेल्या सप्टेंबरात यलोनाइफला जाऊन आलो. कॅनडाच्या पार उत्तरेतलं, वीसेक हजार वस्तीचं गाव. भाचा एडमंटनला असतो. तो म्हणाला, "मामा, एवढ्या लांब आलाच आहात तर नॉर्दर्न लाइट्स बघूनच जा." गाडीने जवळपास दीड हजार किलोमीटर. दिवे दिसले, फोटो आधीच टाकलेत. आज लिहायचंय ते वेगळंच आहे. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

गावाच्या नावातला पिवळा रंग सोन्याचा असेल, असं मला वाटलं होतं. तसं नाहीये. इथले मूळचे डेने लोक तांब्याच्या सुऱ्या वापरायचे, त्यावरून ते नाव. सोन्याच्या खाणी आल्या 1930 च्या दशकापासून. त्यातली जायंट नावाची खाण गावाला अगदी लागून आहे. 1948 ला सुरू झाली, 2004 ला बंद. आज रस्त्यावरून जाताना कुंपण, पाट्या आणि यंत्रं दिसतात. म्हटलं, बंद खाणीवर एवढी गडबड कसली?

तर इथलं सोनं खडकात आर्सेनिकच्या खनिजात अडकलेलं होतं. ते सोडवायला खनिज भट्टीत भाजायचे. भाजलं की आर्सेनिक धुरातून बाहेर पडायचं आणि थंड झालं की त्याची भुकटी. आपल्याकडे जुने लोक ज्याला सोमल म्हणतात ना, तेच हे. चव नाही, वास नाही, पाण्यात विरघळतं.

पहिली काही वर्षं हा धूर सरळ चिमणीतून सोडला. तो बर्फावर बसायचा, आणि खाडीकाठचे डेने लोक तोच बर्फ वितळवून प्यायचे. 1951 मध्ये त्यांचं एक लहान मूल विषबाधेने गेलं. कंपनीने कुटुंबाला 750 डॉलर दिले. हा आकडा मी दोनदा वाचला.

मग धूर गाळायला लागले. गाळलेली भुकटी खाणीतल्याच रिकाम्या पोकळ्यांमध्ये भरली. जमीन कायम गोठलेली, त्यामुळे ती तिथेच राहील असा हिशोब. पण खाणकामानेच ती जमीन ऊबदार झाली! आज खाली 2 लाख 37 हजार टन भुकटी पडून आहे.

रात्री हॉटेलवर मोबाइलवर हिशोब केला. या खाणीने आयुष्यभरात साधारण 70 लाख औंस सोनं दिलं, म्हणजे सव्वादोनशे टनांच्या आत-बाहेर. दहा ग्रॅमचा तोळा धरला तर एका तोळ्यामागे जवळपास अकरा किलो सोमल. बायकोला सांगितलं. तिने काही न बोलता हातातल्या पाटल्या फिरवल्या.

सोनं गेलं कंपन्यांकडे. खाण चालवणारी कंपनी 1999 मध्ये दिवाळखोर झाली आणि सगळं सरकारच्या गळ्यात पडलं. सफाईचा अंदाज आहे 438 कोटी कॅनेडियन डॉलर, लोकांच्या करातून. तेही विष काढून नेण्यासाठी नाही, कारण काढणं जास्त धोक्याचं ठरलं. जमिनीत नळ्या घालून भुकटीभोवतीचा खडक पुन्हा गोठवायचा आणि तसाच ठेवायचा. मंजुरी शंभर वर्षांची आहे, तोवर कायमचा उपाय शोधत राहायचं. आणि पुढच्या पिढ्यांना इथे खाली काय पुरलंय हे कसं कळवायचं, यावरही तिथे काम चाललंय. शंभर वर्षांनी कुठली पाटी टिकेल, कुठली भाषा कळेल, यावर माणसं बैठका घेतायत. मला आधी हसू आलं, मग आलं नाही.

शेवटच्या दिवशी मण्यांच्या कामाच्या एका छोट्या दुकानात गेलो. म्हातारी डेने बाई होत्या. मी विचारलं, इथली रानफळं मिळतील का? त्या म्हणाल्या, "गावाजवळची आम्ही खात नाही. बोटीने लांब जातो." मग त्यांनीच विचारलं, तुमच्याकडे खाणी आहेत का? म्हटलं, आहेत, चंद्रपूरला, कोळशाच्या. "मग बंद झाल्या की कोण बघतं?"

तोंडात उत्तरच आलं नाही. इतक्या जनसुनावण्यांना बसलोय मी. नोकऱ्या किती, मोबदला किती, हे माईकवर ओरडून विचारलंय. हा प्रश्न मात्र कधी विचारला नाही. आपल्याकडे नियम आहे तसा. खाण बंद करायचा आराखडा आधीच द्यावा लागतो, आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात दरवर्षी पैसे ठेवावे लागतात. आपल्या भागातल्या खाणींच्या खात्यात आज किती आहेत आणि आराखड्यात खड्ड्यांचं काय लिहिलंय, हे मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज मागच्या सोमवारी टाकलाय. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो. कुणाकडे जुने आराखडे असतील तर इनबॉक्समध्ये पाठवा.