नळी कुणी काढायची?

लघवीचा कॅथेटर घालायला डॉक्टरांची ऑर्डर लागते. तो आत राहायला मात्र काहीच लागत नाही. इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून मी हे रोज पाहत होते. ऑपरेशनसाठी घातलेला कॅथेटर, पेशंट खुर्चीत बसून चहा प्यायला लागला तरी तसाच. राउंडवर सर जखम बघत, तापाचा चार्ट बघत. पलंगाखाली लटकलेल्या युरोबॅगकडे कुणाचं लक्ष नसे. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्या पेशंटला कॅथेटर आहे हेच चारांतल्या एकाहून जास्त डॉक्टरांना माहीत नव्हतं. मला त्याचं नवल वाटलं नाही.

कॅथेटर जितका जास्त राहतो तितका धोका वाढतो. दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के पेशंटच्या लघवीत नव्याने जंतू येतात. नळीवर त्यांचा चिकट थर बसला की अँटिबायोटिकही नीट पोचत नाही. पूर्वी मी वॉर्डावॉर्डांत नळ्या मोजून रजिस्टर भरायची. हजार कॅथेटर-दिवसांमागे किती इन्फेक्शनं, हा आकडा महिनाअखेरीला मिळे. ज्याला इन्फेक्शन झालं त्याला त्याचा काय उपयोग?

रेकॉर्ड कॉम्प्युटरवर आलं तेव्हा कॅथेटर घातल्याची तारीख, वेळ आणि कारण भरणं सक्तीचं केलं. ४८ तासांनी स्क्रीनवर सूचना येई. डॉक्टर ‘इतर’ हे कारण निवडून ती बंद करत. मग आम्ही ‘इतर’ काढूनच टाकलं. लघवी तुंबणं, अत्यवस्थ पेशंटची तासातासाची लघवी मोजणं, ठरावीक शस्त्रक्रिया अशी मोजकी कारणं ठेवली. त्यांतलं एकही लागू नसेल तर सिस्टरनेच कॅथेटर काढायचा, अशी कायमची ऑर्डर वरिष्ठांकडून सही करून घेतली. माझ्या मते खरा फरक या सहीने पडला. रात्रपाळीच्या नव्या सिस्टरला आता त्यासाठी सरांना झोपेतून उठवावं लागत नाही.

नळी काढली की माणसं लागतात, हे मात्र कॉम्प्युटरला कळत नाही. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजींचा मुलगा म्हणाला, “राहू द्या ना सिस्टर, उठवताना त्यांना फार दुखतं.” त्याचं चुकीचं नव्हतं. आधी दुखण्याचं औषध, मग बेडपॅन, हाताशी एक मावशी, आणि आजींना लघवी होतेय ना यावर लक्ष, एवढं जमवलं तेव्हा तो तयार झाला. मावशी कमी असलेल्या पाळीत नळ्या हमखास जास्त दिवस राहतात.

सध्या माझा आग्रह कॅज्युअल्टीसाठी आहे. दुसऱ्या हॉस्पिटलमधून कॅथेटरसकट आलेल्या पेशंटची नोंदच होत नाही, मग ४८ तास मोजायचे कुठून? म्हणून ‘कॅथेटर आहे का, कधीपासून?’ हा प्रश्न अ‍ॅडमिशनच्या फॉर्ममध्ये सक्तीचा करा, असं मी प्रत्येक मीटिंगमध्ये मांडते. तिथल्या गर्दीत आणखी एक रकाना नको, असं कॅज्युअल्टीवाले म्हणतात. त्यांचा ताण मला दिसतो, तरी हा रकाना मला हवाच आहे.