खर्जाची सनद

वाद्यांनाही हुद्दे असतात, आणि ते बहुधा जन्मकाळीच कायम होऊन जातात. 12 सप्टेंबर 1835 रोजी प्रशियाच्या सरकारने विल्हेल्म वीप्रेख्ट हा लष्करी बँडांचा कारभारी आणि योहान गॉटफ्रीड मोरिट्झ हा बर्लिनचा वाद्यकारागीर, या दोघांच्या नावे टूबा या नव्या पितळी वाद्याची सनद करून दिली, तेव्हा त्या वाद्याने पुढे कोणती चाकरी करावयाची याविषयी कोणाच्याही मनात संदेह नव्हता. सर्पंट आणि ऑफिक्लाइड ही त्यापूर्वीची खर्जाची वाद्ये सुराला बेभरवशाची होती, आणि पलटणीच्या बँडला एक भक्कम, मोकळ्या मैदानातही न विरणारा खर्ज हवा होता. सुरावट इतरांनी वाजवावी आणि टूबाने तिच्याखाली उभे राहावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती.

लष्करातून हे वाद्य ऑर्केस्ट्रात आले, तरी त्याची पायरी फारशी बदलली नाही. क्वचित त्याला पुढे बोलावले जाई, पण कोणत्या सोंगासाठी? वाग्नरने 'सीगफ्रीड'मध्ये गुहेतल्या अजगरासाठी त्याला राबविले. स्त्राविन्स्कीच्या 1911 मधील 'पेत्रुश्का'त ते जत्रेतल्या अस्वलाबरोबर येते. मुसोर्गस्कीच्या चित्रमालिकेला रावेलने 1922 मध्ये ऑर्केस्ट्राचा साज चढविला, तेव्हा जड चाकांच्या बैलगाडीचे गीत त्याच्या वाट्यास आले. हे तिन्ही प्रसंग उत्कृष्ट आहेत, याविषयी माझा वाद नाही. परंतु ज्याचा कान ध्रुपदाच्या आलापीवर आणि रुद्रवीणेच्या मंद्रावर पोसला आहे, त्याला या योजनेचे काहीसे नवल वाटल्यावाचून राहत नाही. आपल्याकडे खर्ज ही गांभीर्याची जागा आहे. गवई पहाटे उठून खर्ज भरतो तो काही अस्वलाचे सोंग आणण्यासाठी नव्हे.

या वहिवाटीस पहिला मोठा छेद दिला तो एका वृद्धाने. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 13 जून 1954 रोजी राल्फ व्हॉन विल्यम्स यांचा टूबा कन्चेर्टो प्रथम सादर झाला. बार्बिरोली यांनी संचालन केले आणि त्याच ऑर्केस्ट्रातील टूबावादक फिलिप कॅटेलिने यांनी तो वाजविला. रचनाकाराचे वय तेव्हा 81 होते, आणि या उद्योगाकडे पुष्कळांनी म्हातारपणीची लहर म्हणूनच पाहिले. पहिल्या व तिसऱ्या भागांत लहरीचा अंश आहेही. मधल्या 'रोमान्झा'त मात्र लहर नाही. तेथे हे अजस्र वाद्य एक दीर्घ, इंग्लंडच्या खेड्यांतील लोकगीतांची छाया असलेली चाल इतक्या मृदुत्वाने गाते की, याला शंभराहून अधिक वर्षे कोणी गाऊ का दिले नाही, असा प्रश्न मनात उभा राहतो.

त्याचे एक उत्तर असे की, गाण्यासाठी त्याच्यापाशी काही लिहिलेलेच नव्हते. बिस्मिल्ला खाँसाहेबांनी सनई मैफलीत आणली तेव्हा त्यांना कोणा रचनाकाराच्या दारी अर्ज घेऊन जावे लागले नाही. राग सर्वांच्या मालकीचे आहेत, आणि ज्याच्या अंगी दम व बुद्धी आहे त्याला ते मोकळे आहेत. पश्चिमेच्या अभिजात संगीतात कागदावर काही उतरल्यावाचून वाद्याला एकलवादनाचा अधिकार लाभणे कठीण. हिंडेमिटने 1955 मध्ये टूबासाठी सोनाटा लिहिला, तो विरळा अपवाद. पुढे अमेरिकेतील हार्वे फिलिप्स यांनी रचनाकारांचा पिच्छा पुरवून आपल्या वाद्यासाठी कृतींमागून कृती लिहवून घेतल्या. वाद्यासाठी वाङ्मयाचे दप्तर उभे करणारा असा चिवट वकील दुसऱ्या कोणत्या वाद्याला मिळाला असेल, असे मला वाटत नाही.

या वकिलीमागे पोटाचा प्रश्नही आहे, आणि कलेच्या इतिहासात तो लपविण्याची आपली रीत मला पसंत नाही. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले पंचवीस-तीस. टूबावाला बहुधा एकच. आर्नल्ड जेकब्स हे शिकागोच्या खुर्चीवर 1944 पासून 1988 पर्यंत बसले होते. म्हणजे एवढ्या काळात ती एक जागा रिकामी व्हावयाचीच नाही. कॅरल यांच यांना 2006 मध्ये फिलाडेल्फियाची जागा मिळाली ती त्या अजून विद्यार्थिनी असताना. पण असे भाग्य कितीकांचे? आणि जागा मिळाली तरी द्वोर्जाकच्या 'न्यू वर्ल्ड'सारख्या सिंफनीत, दुसऱ्या भागातील मोजक्या स्वरांसाठी, सबंध संध्याकाळ वाद्य मांडीवर घेऊन बसावे लागते. विद्यालयांतून मात्र तयार वादक वर्षानुवर्षे बाहेर पडत आहेत. त्यांतल्या काहींनी खुर्चीची आशा सोडून रंगमंचाच्या मध्यभागी येण्याचा निश्चय केला, यात आश्चर्य ते कोणते? नॉर्वेचे ओइस्टाइन बॉड्स्विक हे तर कोणत्याही ऑर्केस्ट्राची चाकरी न पत्करता केवळ एकल टूबावादनावर देशोदेशी फिरतात.

पण एकट्याने वाजविणे म्हणजे श्वासाशी झगडणे. मोठ्या टूबाची नळी उलगडली तर सुमारे अठरा फूट भरते, आणि मंद्रातला एकच बुलंद स्वर काही क्षणांत फुप्फुसांचा भाता रिकामा करतो. व्हायोलिनचा गज जेथे नुसता दिशा बदलतो, तेथे टूबावाल्याला वाक्याच्या मध्यावर थांबून हवा भरावी लागते. जेकब्स शिकविताना ओठांच्या स्नायूंची चिंता सोडावयास लावीत आणि मनात गाणे व देहात वारा, एवढ्याच दोन गोष्टींकडे लक्ष वळवीत.

म्हणूनच टूबावर अतिद्रुत व्हायोलिनच्या चिजा वाजवून टाळ्या घेण्याचा जो प्रघात पडला आहे, तो मला रुचत नाही. हत्तीला तारेवर चालताना पाहून माणसे थक्क होतात खरी, पण त्यात हत्तीचे हत्तीपण कोठे दिसते? विल्यम क्राफ्ट यांनी 1966 मध्ये रॉजर बोबो यांच्यासाठी 'एन्काउंटर्स 2' लिहिले, किंवा पेंडेरेत्स्कींनी 1980 मध्ये 'काप्रिचियो' लिहिले, त्यांत साथ नाही, आडोसा नाही. वाद्य आपल्याच खोलीत उतरते आणि तेथून अकस्मात वर झेपावते. बॉड्स्विक आपल्या 'फ्नूग'मध्ये एक स्वर फुंकता फुंकता दुसरा कंठाने गातात, आणि त्या दोहोंच्या घर्षणातून तिसराच नाद उमटतो. गतीची चमत्कृती येथेही आहे, पण ती उसनी नाही.

लंडनच्या थिऑन क्रॉस यांनी तर हा सगळा वाद निराळ्याच मुलखात नेला. ज्या 'सन्स ऑफ केमेट' या मंडळीत ते टूबा वाजवीत, तीत दोन ढोलवादक, एक सॅक्सोफोन आणि एक टूबा एवढेच होते. दुसरे खर्जाचे वाद्य नव्हते. नाच चालू ठेवावयाचा तोही टूबानेच आणि मधूनच उसळून एकल वाजवावयाचे तेही त्यानेच. जुन्या मताचे काही लोक याला अभिजात टूबावादनाच्या बाहेर काढतील. काढोत. ज्या खर्जाची चाकरी त्याला नेमून दिली होती, तीच तो अजून करतो आहे. फक्त आता रात्रभर तिच्यावर लोक नाचतात आणि वादकाचे नाव विचारतात.