मनगटावरचा कारकून

आमच्या इंदूरच्या घराचे देवघर माडीवर आहे. देवाकडे जाताना माणसाला थोडा दम लागावा, असा पणजोबांचा हेतू असावा. एकूण चौदा पायऱ्या. गेल्या दसऱ्याला नवव्या पायरीवर मी जो बसलो तो उठलोच नाही. पूजा पुतण्याने केली. वय ६४, वजन ९१ किलो. डॉक्टरांनी शरीरभारांक ३३ काढला. आपल्याकडे २५ पासूनच स्थूलता धरतात, हे तेव्हा कळले. गुडघे आणि साखर यांविषयी वाचकांस वेगळे सांगावयास नको.

मुलाने पुण्याहून पावले मोजणारा मनगटी पट्टा पाठविला. लक्ष्य रोज दहा हजारांचे. या आकड्यामागे मोठे शास्त्र असेल अशी माझी समजूत होती. पुढे वाचनात आले की, टोकियो ऑलिंपिकच्या पुढल्या वर्षी, १९६५ साली, एका जपानी कंपनीने जे पाऊलमापक विकावयास काढले त्याचे नावच ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक, असे होते. जाहिरातीतला आकडा वेदवाक्य होऊन बसला! २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील वयस्क स्त्रियांच्या पाहणीत ४,४०० पावलांच्या आसपासच मृत्यूचे प्रमाण घटलेले दिसले, आणि ७,५०० च्या पुढे अधिक लाभ आढळला नाही.

पण तेव्हा हे कोणास ठाऊक? नेहरू पार्कात फेऱ्या मारायच्या, पट्ट्याने दाखविलेले उष्मांक पाहायचे आणि तेवढी जिलबी आपल्या हक्काची मानायची, असा माझा क्रम होता. चाळीस वर्षे इतरांचे हिशेब तपासलेला मी लेखापरीक्षक; रात्री पावले कमी भरली की ओसरीवर बसून हात हलवीत असे. एकदा पत्नीने विचारले, “अहो, कोणाला हाका मारताय?” दोन महिन्यांत वजन एक किलोने वाढले.

पिट्सबर्ग विद्यापीठाने ४७१ तरुणांवर दोन वर्षे केलेला प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. आहार, व्यायाम आणि समुपदेशन सर्वांनाच होते. पट्टा न बांधणाऱ्यांचे वजन सरासरी ५.९ किलोंनी घटले, बांधणाऱ्यांचे ३.५ किलोंनी. हे वाचून मला, खरे सांगायचे तर, सुटल्यासारखे वाटले.

नंतर डॉक्टरांनी एका आहारतज्ज्ञ मुलीशी गाठ घालून दिली. ती दर गुरुवारी फोन करी. पहिल्या खेपेस मी आकडे वाचू लागलो. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “काका, आकडे मला इथे दिसताहेत. रात्री नऊनंतर तुम्ही काय खाता?”

असे मला कोणी विचारले नव्हते. आई गेल्यापासून रात्री झोप येत नाही. तेव्हा स्वयंपाकघरात दिवा न लावता शेवेचा डबा घेऊन बसतो, हे मी पत्नीलाही सांगितले नव्हते. त्या परक्या मुलीला सांगून टाकले. ती पुष्कळ वेळ आईविषयीच विचारीत राहिली. शेव बंद करा असे म्हणाली नाही. फोन ठेवताना एवढेच म्हणाली, “काका, तो डबा माडीवर ठेवला तर?”

डबा पत्नीने वर नेला. पहिल्या आठवड्यात मी दोनदा चढलो, नवव्या पायरीवर टेकत. आता वजन ८४ आहे. डबा अजून वरच असतो, देवघराच्या शेजारच्या कोनाड्यात; कालही चढलो होतो, पण दिवा लावायला.