इरकलचा पदर

यंदा धाकट्या दिरांच्या शिक्षणाचा खर्च वाढल्यामुळे घरातील कापडाची रक्कम निम्म्यावर आणावी लागली. तेव्हा दुकानाची पायरी चढण्यापूर्वी आम्ही तिघी जावांनी सर्व कपाटे व ट्रंका उघडून मोजदाद केली. साड्या निघाल्या 63. त्यांपैकी वर्षभरात नेसलेल्या जेमतेम 20! जरीच्या साड्या आळीपाळीने नेसावयाच्या, विरलेल्या गोधडीकडे जावयाच्या आणि दिवाळीस नव्या तीनच घ्यावयाच्या, असे ठरले. राहता राहिले सासूबाईंचे नऊवारी इरकली लुगडे, त्यांच्या आईने दिलेले. अंग जागोजाग विटलेले, विरलेले. पदराचे तांबडे रेशीम मात्र अभंग. "ह्या पदराला नवे अंग लावून मिळते का, पाहा," एवढेच त्या म्हणाल्या.

जाऊबाईंचे माहेर विजापूरचे असल्याने तिकडे जाणे होतेच. तेथून अलमट्टीजवळ कृष्णा ओलांडून, काळ्या रानातून हुनगुंदमार्गे इरकल गाठले. पूर्वी विजापूर जिल्ह्यात मोडणारे हे गाव 1997 पासून बागलकोट जिल्ह्यात आहे. येथला तांबूस ग्रॅनाइट दूरवर जातो. आमच्या बायकांना मात्र हे गाव लुगड्यावरूनच ठाऊक!

विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता. इरकलीचे मर्म त्याने दाखविले. अंगाचा ताणा निराळा, पदराचा निराळा. दोहोंच्या टोकांचे फासे एकमेकांत गुंतवून जोड साधावयाचा. म्हणूनच अंग सुती ठेवून पदर रेशमी करता येतो. जेथे कापड घासावयाचे तेथे सूत आणि जेथे दिसावयाचे तेथे रेशीम! काटकसरीचा असा देखणा हिशेब आम्ही अन्यत्र पाहिलेला नाही.

सासूबाईंचा पदर त्याने बराच वेळ उजेडात धरला. "अक्का, फासे विणण्याआधी घालायचे. विणलेल्याला फासे कुठून आणू? शिवून देईन, पण नवे सूत ओढेल आणि जुने रेशीम फाटेल." नवे लुगडे गळ्यात मारण्याची ही नामी संधी त्याने साधली नाही, ह्याचे आम्हास अप्रूप वाटले.

दोन साड्या सुती अंगाच्या व रेशमी पदराच्या घेतल्या. तिसरीच्या पदरास कृत्रिम रेशमावर भागवावे लागले. जाऊबाईंनी एक अंजिरी, सबंध रेशमी साडी पुरती उलगडून पाहिली आणि मुकाट्याने पुन्हा घडी घातली. ती घडी घालताना त्यांनी लावलेला वेळ आमच्या अजून ध्यानात आहे.

घरी आल्यावर पदर सासूबाईंच्या हाती दिला व विणकराचे म्हणणे सांगितले. दोन दिवस त्या विषयाचा शब्द निघाला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आपण होऊन कात्री मागितली. पदर दोघी नातींच्या चोळ्यांना पुरला. काठाची वीतभर पट्टी उरली, ती त्यांनी देव्हाऱ्यातील अन्नपूर्णेखाली अंथरली.