गुलमर्गचा उजेड आणि दोन कांचांचा चष्मा

काळा चष्मा ही आपल्या घरांतून पुष्कळ दिवस चैनीची वस्तु मानिली गेली. मुलानें तो लाविला कीं वडील मंडळी त्यास नटवा म्हणावयाची. डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांखेरीज त्याची कोणास गरज असेल, हें सहसा कोणाच्या मनांत येत नसे. परंतु छत्रीची योग्यता जशी कोंकणांत पावसाळा काढल्यावांचून कळत नाहीं, तशी ह्या चष्म्याची योग्यता बर्फाच्या प्रदेशांत गेल्यावांचून कळत नाहीं. गेल्या माघांत काश्मीरमधील गुलमर्ग येथें आमचा आठ दिवस मुक्काम झाला. तेथें स्कीवरून घसरण्याचा खेळ शिकणाऱ्यांसाठीं गॉगल निवडणें हें एक लहानसें शास्त्रच आहे, असें आमच्या ध्यानांत आलें. तें वाचकांपुढें ठेवावें या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

गुलमर्ग श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरांवर आहे. टंगमर्गपासून पुढें सूचिपर्णी वृक्षांच्या रानांतून वळणावळणांची चढण लागते, व हिंवाळ्यांत तेथें गाडीच्या चाकांस सांखळ्या बांधाव्या लागतात. स्थळाचें जुनें नांव गौरीमर्ग. सोळाव्या शतकांत यूसुफशाह चक या राजानें तें बदलून गुलमर्ग, म्हणजे फुलांचें कुरण, असें केलें, असें सांगतात. माघांत मात्र फुलांचा मागमूस नसतो. जिकडे पाहावें तिकडे पांढरें. गांवाची उंची सुमारे २,६५० मीटर आहे. तेथून गोंडोला नांवाचा तारेवरचा पाळणा वर जातो. त्याचा कोंगडूरीपर्यंतचा पहिला टप्पा १९९८ सालीं व अफरवत पर्वताच्या खांद्यापर्यंतचा दुसरा टप्पा २००५ सालीं सुरू झाला. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटीं आपण सुमारे ३,९५० मीटरांवर जाऊन पोंचतों.

आमच्या समवेत धाकटे चिरंजीव, सौ. सूनबाई व सोळा वर्षांची नात अशी मंडळी होती. नातीला स्की शिकावयाचें होतें. परंतु तिला चार नंबरचा चष्मा आहे. बर्फाच्या चकाकीनें डोळे जातात, असें वाटेंत कोणीसें सांगितल्यापासून सूनबाईच्या मनानें धास्ती घेतली होती. "मामंजी, खेळ पुढल्या वर्षींहि होईल, डोळे पुन्हां मिळावयाचे नाहींत," हें तिचें म्हणणें. मुलीचा चेहरा उतरला. धाक खोटा नव्हता. पण धाकास उत्तर विचारानें द्यावें, नकारानें नव्हे, असें आम्हांस वाटलें.

तो विचार असा. सूर्यप्रकाशांत डोळ्यांस न दिसणारे जंबुपार किरण असतात. दर हजार मीटर उंचीस त्यांचा जोर सुमारे दहा टक्क्यांनीं वाढतो. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरांवर आहे. तेव्हां अफरवतच्या खांद्यावर हा जोर पुण्याहून अंदाजें एकतृतीयांशानें अधिक असावयाचा. शिवाय जमिनीवरून परतून येणारे किरण निराळेच. कोंकणच्या किनाऱ्यावरील कोरडी वाळू या किरणांपैकीं सुमारे १५ टक्के परत फेंकते, तर ताजा बर्फ सुमारे ८० टक्क्यांपर्यंत परत फेंकतो. म्हणजे डोक्यावर टोपी असूनहि खालून ऊन लागतें. याचा परिणाम लगेच जाणवत नाहीं, हें त्यांतील कपट होय. कांहीं तासांनीं, बहुधा संध्याकाळीं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखें खुपूं लागतें, पाणी वाहतें, दिव्याचा उजेडहि सोसवत नाहीं. यासच हिमांधत्व म्हणतात. बहुतेकांस एकदोन दिवसांत उतार पडतो; परंतु वर्षानुवर्षें हयगय केल्यास मोतीबिंदूस आमंत्रण मिळतें. ध्रुवाकडील इन्युइट लोक फार पूर्वीपासून हाडाची किंवा लांकडाची पट्टी कोरून, तींत बारीक चीर ठेवून ती डोळ्यांवर बांधीत आले. कांच नव्हती, तरी उपाय होता.

बाजारांतील एका वृद्ध काश्मिरी दुकानदारानें आमच्यापुढें प्रथम सर्वांत काळी कांच ठेविली. गिऱ्हाइकें तीच मागतात, असें तो म्हणाला. येथेंच बहुतेकांची समजूत चुकते. कांचेचा काळेपणा व तिची संरक्षकता हे दोन भिन्न गुण आहेत. ज्यास आपण कांच म्हणतों ती बहुधा पॉलिकार्बोनेट नांवाच्या टणक प्लॅस्टिकची असते, व तें द्रव्य अगदीं स्वच्छ पारदर्शक असलें तरी जंबुपार किरणांस अडवितें. उलट हलक्या प्रतीच्या काळ्या कांचेमागें बुबुळाची बाहुली मोठी होते, आणि न अडविलेल्या किरणांस आंत जाण्यास दार अधिकच उघडें मिळतें. म्हणून खोक्यावर जंबुपार किरणांपासून पूर्ण संरक्षणाचा उल्लेख आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. रंगाचा विचार मागाहून.

रंगाचा विचार उजेडाच्या मापानें करावयाचा. कांच किती टक्के प्रकाश आंत येऊं देते त्यावरून तिचे पांच वर्ग पाडिले आहेत. एस ० ही जवळजवळ पारदर्शक, ८० टक्क्यांच्या वर प्रकाश देणारी; एस १ ही ४३ ते ८०; एस २ ही १८ ते ४३; एस ३ ही ८ ते १८; आणि एस ४ ही केवळ ३ ते ८ टक्के. निरभ्र दिवशीं बर्फावर तिसऱ्या वर्गाची कांच सुखाची वाटते. पण पर्वतावर दिवस निरभ्र राहतोच असें नाहीं.

आमच्या मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशीं याचा प्रत्यय आला. चिरंजिवांच्या आग्रहावरून सूनबाईनें शिकण्यास अनुमति दिली होती, ती केवळ त्या दिवसापुरती. सकाळीं लखलखीत ऊन होतें. दुपारीं कोंगडूरीवर ढग उतरले, आणि घटकाभरांत सावली म्हणून कोठें उरली नाहीं. आकाश पांढरें, भूमि पांढरी. चढ कोठें, खळगा कोठें, कांहीं उमजेना. शिक्षकानें हात वर करून रांग थांबविली व सर्वांस कांच बदलावयास सांगितलें. ज्या एका तरुणापाशीं काळी कांच तेवढीच होती, त्यानें गॉगल कपाळावर चढविला व तसाच निघाला. वाऱ्यानें डोळ्यांत पाणी आलें, पुढचा खळगा दिसला नाहीं, आणि गुडघा दुखावून त्यास खालीं न्यावें लागलें. नातीनें खिशांतील गुलाबी कांच काढून बसविली. "आजोबा, आतां बर्फाच्या सुरकुत्या दिसतात," असें ती ओरडून म्हणाली, आणि सावकाश उतरून सुखरूप आली. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र तिनेंच मुलीच्या खिशांत दुसरी कांच आहे ना, हें चांचपून पाहिलें.

ही गुलाबी किंवा पिवळी कांच काय करते? ढगाळ वेळीं चहूंकडून विखुरलेल्या प्रकाशांत निळ्याचा अंश फार असतो, व त्यामुळें उंचसखलपणा पुसट होतो. ही कांच तो निळा अंश कमी करिते, म्हणून भेद उठून दिसतो. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत हिमालयाच्या धातूंची लाली मेघखंडांवर पडून अकालीं संध्याकाळ झाल्यासारखें वाटतें, असें वर्णन आहे. तें मुलांस शिकविण्यांत आमची हयात गेली; ती अकालसंध्या कांचेंतून मुद्दाम आणून तिच्या आधारें वाट शोधितां येते, हें मात्र येथें कळलें.

आतां निवडीचे नियम. कांच बदलण्याची रीत हातमोजे घालून दुकानांतच करून पाहावी. कांहीं चौकटींत ती लोहचुंबकानें बसते, कांहींत खांचेंत दाबून बसवावी लागते. चुंबकाची सोपी, पण पडलें असतां सुटून जाणार नाहीं अशी पकड तिला हवी. कांच दुहेरी, मध्यें हवेचा थर असलेली व वरच्या कडेस वारा खेळण्यास छिद्रें असलेली घ्यावी, म्हणजे आंत वाफ धरत नाहीं. आंतली बाजू पुसूं नये. तिच्यावरील वाफरोधक लेप निघून जातो. नंबरचा चष्मा असणारानें तो आंत सहज मावेल व काड्यांसाठीं कडेच्या फोमांत खांच असेल असाच गॉगल मागावा. नाकापाशीं फट राहतां कामा नये, व शिरस्त्राणाशीं त्याची कड नीट जुळावी. उजेडाप्रमाणें आपोआप गडद होणाऱ्या कांचाहि मिळतात. परंतु ढग येतांच त्या फिक्या होण्यास वेळ लागतो, व थंडींत तो अधिकच लागतो. चकाकी मारणाऱ्या ध्रुवीकृत कांचेनें डोळ्यांस आराम पडतो खरा, पण गोठलेल्या निसरड्या बर्फाची चमकहि तीच लपविते.

दोन कांचांचा खर्च कशास, असें काटकसरी गृहस्थ विचारतील. त्यांस आमचें सांगणें असें कीं, काळी कांच उन्हांतल्या सुखासाठीं असते, फिकी कांच पाय न मोडण्यासाठीं असते. दोन्ही घेणें शक्य नसेल, तर दुसऱ्या वर्गाची मध्यम गुलाबी कांच घ्यावी. ती कडक उन्हांत थोडी अपुरी पडेल, पण ढगांत दगा देणार नाहीं. आणि दोन्ही असतील, तर दुसरी खोलीवर पेटींत नव्हे, मऊ पिशवींत घालून अंगरख्याच्या खिशांत ठेवावी. पर्वतावरील ढग खोलीवर जाऊन येण्यास वेळ देत नाहींत.