सल्ल्याचा अधिकार

सोळा वर्षांच्या मुलाने मोबाईलवरून अनोळखी माणसाला औषधाचा वा गुंतवणुकीचा सल्ला द्यावा काय? घरोघरी पडणाऱ्या या प्रश्नाचे निम्मे उत्तर जामखेडातच आहे.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या. तरीही बाळंतपण, पोषण, अतिसार यांविषयी त्यांचा शब्द गावाने मानला. कारण त्या जामखेडला येऊन नियमित शिकत आणि आवाक्याबाहेरचा रुग्ण दवाखान्यात पाठवीत. शिवाय सल्ला देणारी आणि घेणारी एकाच गावात नांदत. चूक लपण्यास जागा नव्हती.

तेव्हा सल्ल्याचा अधिकार वयातून किंवा पदवीतून येत नाही. तो शिक्षणातून आणि उत्तरदायित्वातून येतो. हुशार किशोराजवळ पहिले असू शकेल; पडद्याआडून दुसरे कोठून येणार? कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालील व्यक्ती ‘अज्ञान’ असते, तिचा करारही बंधनकारक ठरत नाही. मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या प्रौढालाही ‘सेबी’च्या २०१३ च्या नियमांनुसार नोंदणी आवश्यक आहे.

म्हणून मुलांना गप्प बसवू नये. त्यांनी समवयस्काचे दुःख जरूर ऐकावे, धीर द्यावा. मात्र औषध आणि पैसा यांच्या उंबरठ्यावर थांबून ‘जाणत्याला विचारा’ एवढेच म्हणावे. पाच समितींतील भाषासमिती याहून वेगळे काय शिकविते? पण ती मुलांनी शिकावी, तर पेढीवरच्या मोठ्यांनीही ऐकीव भावावर सल्ले देणे आधी थांबवावे.